तळटीप वाचून मुलगा ताटावरून उठला

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. सासरे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांत, बाई स्वतः संडे स्कूलला शिकवतात, मुलगा बारावी सायन्सला. नाताळाच्या आधी युवक संघाच्या बैठकीत मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा, शेवटचा अध्याय वाचायला घेतला होता. मुलाच्या मोबाइलवर इंग्रजी भाषांतर होतं. त्यात मध्येच टीप आली, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ९ ते २० ही वचनं नाहीत. त्यानं ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "मग ही कुणी घातली?" कुणालाच सांगता आलं नाही. घरी जेवताना त्यानं आणखी दोन प्रश्न काढले. कॅथलिक मित्राच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्यात ६६, हे कसं? आणि नायसियाच्या परिषदेत रोमच्या सम्राटानं मतदान घेऊन पुस्तकं निवडली असं एका व्हिडिओत सांगतात, ते खरं का? आजोबा संतापले. "शास्त्रावर शंका घेणं हे सैतानाचं काम," असं म्हणून त्यांनी विषय तोडला. मुलगा ताटावरून उठला आणि त्या रविवारपासून उपासनेला येत नाही. बाई लिहितात, "त्याला गप्प कसं करायचं हे मी विचारत नाही. खरं काय आहे ते मला सांगा. शास्त्रातली एक ओळ जरी नंतरची निघाली, तर बाकीच्यावर मी कशाच्या जोरावर शिकवू? मुलांसमोर उभं राहताना आता माझेच पाय लटपटतात."

ताई,

तुमच्या मुलानं वाचलेली टीप खरी आहे. हे सगळ्यात आधी सांगते, कारण घरात त्याला अजून एवढंही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मार्कच्या सोळाव्या अध्यायातलं आठवं वचन काढून पाहा. पहाटे कबरेकडे गेलेल्या बायका थरथर कापत बाहेर पळतात, आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातली दोन मोठी ग्रीक हस्तलिखितं आहेत, व्हॅटिकनस आणि सिनायटिकस. दोन्हींत मार्क इथंच थांबतो. पुढची बारा वचनं नंतरच्या बहुसंख्य प्रतींत सापडतात. तीही काही कालपरवाची नव्हेत, इ.स. १८० च्या सुमारास इरेनियस या बिशपानं त्यातलं एक वचन मार्कचं म्हणून दिलेलं आहे. म्हणजे दुसऱ्या शतकातही हा शेवट काही मंडळ्यांत वाचला जात होता. बहुतेक अभ्यासकांना वाटतं, की मार्कच्या हातचा मजकूर आठव्या वचनाशी संपला, किंवा पुढचं पान फार लवकर गहाळ झालं, आणि शेवट तुटक वाटल्यामुळे कुणीतरी इतर शुभवर्तमानांत येणाऱ्या प्रसंगांवरून तो पुरा केला.

हे शोधून काढलं कुणी, याचा विचार करा. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस यानं लिहून ठेवलं आहे, की चांगल्या प्रतींत मार्क आठव्या वचनाशी संपतो. त्याच्यामागून आलेल्या जेरोमलाही हे माहीत होतं, आणि जेरोम म्हणजे ज्याच्या लॅटिन भाषांतरावर पश्चिमेकडची मंडळी हजार वर्षं जगली तो माणूस. आज बायबलमध्ये ती टीप छापतात तेही ख्रिस्ती भाषांतरकारच. योहानाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी आणि आठव्याच्या सुरुवातीला, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या गोष्टीपाशी, तशीच टीप असते. मंडळीनं सोळाशे वर्षं उघड सांगितलेली गोष्ट तुमच्या मुलाला मात्र चोरी पकडल्यासारखी वाटली, कारण संडे स्कूलपासून युवक संघापर्यंत ती त्याला कधी कुणी सांगितलीच नव्हती. यात तुमच्या एकटीचा दोष नाही. आपल्याकडे हे कुणीच शिकवत नाही.

पुनरुत्थानाची साक्ष त्या बारा वचनांवर उभी नाही, हेही त्याला दाखवा. मार्कच्याच सोळाव्या अध्यायात, सहाव्या वचनात, "तो उठला आहे" हे आलेलं आहे. त्याहून जुनी साक्ष पहिल्या पिढीतल्या प्रेषित पौलाची. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, ख्रिस्त कुणाकुणाला दिसला याची यादी तो देतो, आणि ही गोष्ट मला मिळाली तशीच मी तुम्हांला दिली असं म्हणतो. ते पत्र इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे मार्कच्याही आधीचं.

या वादाचा जिवाशी संबंध येतो तो अठराव्या वचनात. साप हाती धरतील, प्राणघातक काही प्याले तरी बाधणार नाही, असं तिथं आहे. त्या एका वचनावर विसंबून अमेरिकेत काही मंडळ्यांतली माणसं उपासनेत विषारी साप हातात धरतात, आणि त्यातले काही सर्पदंशानं मेले आहेत. आपल्याकडेही "विश्वास असेल तर औषध कशाला" असं म्हणणारा अधूनमधून भेटतोच. तुम्ही ज्या भागात राहता तिथं शास्त्र वाचणाऱ्या मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला. शास्त्र हाती असलेल्या माणसानंच शस्त्रक्रियेची हत्यारं हाती घेतली. कुठल्या वचनाला किती आधार आहे हे पाहणं म्हणजे श्रद्धा पातळ करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे अठरावं वचन समोर ठेवून बोलावं.

आता तुमचा खरा प्रश्न. एक ओळ हलली तर सगळं हलतं, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. तुमच्या मुलानंही तेच धरलं आहे आणि आजोबांनीही. तिघं भांडताय, पण पाया एकच आहे: शास्त्र म्हणजे वरून जसंच्या तसं उतरलेलं, माणसाचा हात न लागलेलं काही. आजोबा म्हणतात ते तसंच आहे, मुलगा म्हणतो ते तसं निघालं नाही. ख्रिस्ती शिकवण मुळात असं म्हणते का, हे तिघांपैकी कुणी पाहिलेलं नाही.

आपल्या आसपास धर्मग्रंथाची जी कल्पना वावरते तिचाही यात वाटा असावा. वेद अपौरुषेय आहेत, असं शेजारच्या घरातली परंपरा म्हणते. कुराण प्रेषितावर अक्षरशः उतरलं, असं मुसलमान शेजारी मानतो. त्या दोन्हींबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि त्यांचं विवेचन त्या त्या परंपरेतल्या जाणकारांनी करावं. पण आपण नकळत आपला ग्रंथही त्याच मापानं मोजायला लागतो, आणि मग तळटीप दिसली की घाबरतो.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतर लिहिला गेलेला भाग, स्वतःबद्दल काय सांगतो ते उघडून पाहा. लूक त्याच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चारच वचनांत थियफिल नावाच्या माणसाला सांगतो, की या घटनांची हकिकत लिहायला पुष्कळांनी घेतली आहे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ती आपल्यापर्यंत आली आहे, आणि मीही सगळ्याचा मुळापासून नीट शोध करून क्रमवार लिहितो आहे. कानात देवदूतानं सांगितलं असं तो म्हणत नाही. विचारपूस केली म्हणतो. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच डोकं वर काढून स्वतःचा नमस्कार सांगतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसात कर्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं, घेऊन ये असा निरोप आहे. माझ्या सगळ्यात आवडीची जागा करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे. पौल तावातावानं लिहितो, की मी तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस सोडून कुणाचाही बाप्तिस्मा केला नाही. दोन ओळींनी त्याला आठवतं, की हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणि मग तो म्हणतो, याशिवाय आणखी कुणाचा केला असेल तर मला आठवत नाही. हे वाक्य शास्त्रात आहे. विसरणारा, स्वतःला दुरुस्त करणारा माणूस शास्त्रात तसाच ठेवलेला आहे, आणि दोन हजार वर्षं कुणालाही तो पुसून काढावासा वाटला नाही.

मग "परमेश्वरप्रेरित" म्हणतात त्याचं काय? तीमथ्याच्या त्याच पत्रात, तिसऱ्या अध्यायात, प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे आणि शिकवायला, चूक दाखवायला, सुधारायला उपयोगी आहे असं म्हटलं आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात माणसं पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं देवाच्या वतीनं बोलली असं आहे. दोन्हीकडे बोलणारी, लिहिणारी माणसंच आहेत. देवानं त्यांना बाजूला सारून लिहिलं नाही. त्यांच्यातून, त्यांच्या स्वभावासकट, त्यांच्या भाषेसकट बोलला. ख्रिस्ती माणूस देह धारण केलेल्या देवावर विश्वास ठेवतो. मग देवाचं वचनही माणसाच्या हातून, शाईतून, नकलकारांच्या थकलेल्या डोळ्यांतून आपल्यापर्यंत येतं, याचा त्याला इतका धक्का का बसावा?

छापखाना यायच्या आधी चौदाशे वर्षं हे सगळं हातानं उतरवलं जात होतं. नव्या कराराची पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं आज ज्ञात आहेत. काही पूर्ण, काही नुसते तुकडे. त्यांच्यातले फरक पुष्कळ, पण बहुतेक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या मागेपुढे होण्याचे. मोठे म्हणावेत असे दोनच लांब उतारे, आणि ते दोन्ही वर सांगून झाले. जुन्या कराराचं उदाहरण तर तुमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला फार आवडेल. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत यशया या संदेष्ट्याचं संपूर्ण पुस्तक निघालं. तोवर हाती असलेल्या इब्री प्रतींपेक्षा ते जवळजवळ हजार वर्षं जुनं. जुळवून पाहिलं तर फरक आहेत, आणि तरीही तो आपल्याला माहीत असलेला यशयाच आहे.

असं जुळवून पाहणं मराठी माणसाला परकं नसावं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरलेले पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. त्यामुळे ज्ञानेश्वरीवरचा कुणाचा भाव कमी झाला नाही. एकनाथांचा भाव होता म्हणूनच त्यांनी ते काम हाती घेतलं.

नायसियाचं उत्तर सोपं आहे. तो व्हिडिओ चुकीचं सांगतो. ३२५ साली तिथं बिशप जमले ते मुख्यतः एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीमुळे, ख्रिस्त देवाशी एकरूप आहे की देवानं निर्माण केलेला आहे या वादासाठी. ईस्टरची तारीख, मंडळीच्या शिस्तीचे वीस नियम, हेही झालं. शास्त्रात कोणती पुस्तकं असावीत हे त्या परिषदेनं ठरवलेलं नाही.

खरा इतिहास हळू चालणारा आहे. पौलाची पत्रं इ.स. ५० च्या दशकातली. ती एका मंडळीकडून दुसरीकडे उतरवून पाठवली जायची. इरेनियसच्या वेळी चार शुभवर्तमानं, चारच, हे त्याच्यापुरतं पक्कं होतं. युसेबियस मात्र चौथ्या शतकातही सांगतो, की याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं यांबद्दल काहींना शंका आहे. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाला पूर्वेकडे बराच काळ लोक बिचकत होते. सिनायटिकस हस्तलिखितात तर नव्या करारापाठोपाठ बर्णबाच्या नावाचं पत्र आणि हर्मासचा "मेंढपाळ" बांधलेला आहे. आज आपल्याकडे आहेत तीच २७ पुस्तकं, कमी नाहीत जास्त नाहीत, अशी यादी ३६७ साली अलेक्झांड्रियाच्या अथनासियसच्या ईस्टरच्या पत्रात येते. पुढे ३९३ ला हिप्पो आणि ३९७ ला कार्थेज इथल्या सभांनी तीच २७ मान्य केली.

सातबाऱ्यावर नाव चढतं तेव्हा जमीन तयार होत नाही. ती आधीपासून कुणीतरी कसत असतं, तलाठी फक्त नोंद घेतो. या याद्यांचं तसंच आहे. ज्या पुस्तकांवर मंडळ्या आधीपासून जगत होत्या, रविवारी वाचत होत्या, छळात ज्यांचा धीर घेत होत्या, त्यांची नोंद पुढे झाली. प्रेषितांशी नातं, मिळालेल्या विश्वासाशी मेळ, आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांत प्रत्यक्ष वाचन, हे त्यांनी पाहिलं. वाद झाले, चुकामूकही झाली असेल. ख्रिस्ती माणूस म्हणतो, की या सगळ्या गोंधळातूनही पवित्र आत्मा मंडळीला सोडून गेला नव्हता. हा विश्वासाचा भाग आहे, इतिहासातून तो सिद्ध करून दाखवता येत नाही. मुलाला तसंच सांगा. कुठं इतिहास संपतो आणि कुठं विश्वास सुरू होतो हे प्रामाणिकपणे दाखवलंत तर तो तुमचं दोन्ही ऐकेल.

७३ आणि ६६ चा फरक सगळा जुन्या करारातला आहे. नव्या कराराची २७ दोघांचीही तीच. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांमध्ये वाचली जाणारी तोबित, यहूदीत, मक्काबी वगैरे सात पुस्तकं इब्री शास्त्रात नव्हती. जेरोमनंच त्यांना वेगळं मानावं असं म्हटलं होतं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरनं १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती काढून टाकली नाहीत, पण वेगळा विभाग करून ठेवली, आणि वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत अशी सूचना दिली. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक मंडळीनं ती शास्त्राचाच भाग असल्याचं ठामपणे सांगितलं. तुमच्या मुलाच्या मित्राचं बायबल वाढवलेलं नाही आणि तुमचं कापलेलं नाही. दोघांनी एका बाकावर बसून मक्काबींची पुस्तकं वाचावीत. शुभवर्तमानांच्या आधीच्या काळात यहूद्यांवर काय गुदरलं हे तिथं कळतं.

अधिकाराबद्दल ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, हेही झाकून ठेवू नका. कॅथलिक मंडळी शास्त्र आणि परंपरा जोडीनं धरते, आणि अर्थ लावण्याची जबाबदारी मंडळीच्या शिक्षणाधिकाराकडे देते. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतही शास्त्र वाचायचं ते परंपरेच्या आतच. प्रोटेस्टंट म्हणतात, शेवटचा निवाडा शास्त्राचा. त्यातही, शास्त्रात कुठलीच चूक नाही असं मानणारे एका बाजूला, आणि तारणासाठी जे लागतं त्यात ते चुकत नाही, इतिहास-भूगोलाच्या तपशिलात त्या काळच्या माणसांची समज आहे असं मानणारे दुसऱ्या बाजूला. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण तुमच्या सासऱ्यांसाठी पहिल्या बाजूचीच एक गोष्ट सांगते. निर्दोषतेची बाजू मांडणारं सर्वांत प्रसिद्ध निवेदन १९७८ साली शिकागोत झालं. त्यातही स्पष्ट लिहिलं आहे, की प्रेरणेचा दावा काटेकोरपणे मूळ हस्तलेखांपुरता आहे, आणि तो मूळ पाठ उपलब्ध हस्तलिखितांवरून शोधायचा आहे. म्हणजे सासऱ्यांची ठाम भूमिका एका कणानंही न सोडता नातवाची तळटीप मान्य करता येते. आजोबा-नातवाचं भांडण ज्या मुद्द्यावर झालं, त्यावर ते मुळात एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच.

मिरज-सांगलीकडच्या पुष्कळ जुन्या मंडळ्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या हातून उभ्या राहिल्या. त्या परंपरेचा विश्वासाचा अंगीकार १६४० च्या दशकात वेस्टमिन्स्टरला लिहिला गेला. त्यात शास्त्राच्या थोरवीची कारणं दिली आहेत, पण शेवटी म्हटलं आहे, की हे देवाचं वचन आहे याची पक्की खात्री पटते ती पवित्र आत्मा वचनाबरोबर आपल्या हृदयात साक्ष देतो त्यातून. मला हे फार मोलाचं वाटतं. तुमच्या सासऱ्यांची खात्री अशीच आलेली असणार. त्यांनी हस्तलिखितं तपासली नव्हती. संकटात एखादं स्तोत्र वाचलं, ते पुरून उरलं, आणि मग आयुष्यभर त्यावर भार टाकला. नातवाचा प्रश्न ऐकताना त्यांना वाटलं असेल, की हा आपल्या सगळ्या आयुष्याचाच हिशेब मागतो आहे. राग त्यातून आला असावा.

तेव्हा सासऱ्यांशी वाद घालू नका, आणि त्यांच्या मागून मुलाला "आजोबा जुन्या वळणाचे" असंही म्हणू नका. एखाद्या संध्याकाळी मुलाला त्यांच्याजवळ बसवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: "आजोबा, शास्त्रावर तुमचा विश्वास कधी बसला?" मार्कचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. पाळकसाहेबांशी आधी बोलून ठेवा. सेमिनरीत शिकलेल्या पाळकाला पाठभेद ठाऊक असतात. उपदेशात ते सहसा बोलत नाहीत एवढंच. तुम्ही विचारलंत तर युवक संघात एक संध्याकाळ ते यावर नक्की देतील. त्या बैठकीतला प्रश्न अजून अनुत्तरित आहे आणि तो फक्त तुमच्या मुलाला पडलेला नाही.

मुलाला प्रतिवाद करणारे व्हिडिओ पाठवण्याचा मोह होईल. जपून. "शास्त्रात आजवर एकही अक्षर बदललेलं नाही" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर ठेवलेला विश्वास पहिल्या तळटिपेला फुटतो. तुमच्या मुलाचं नेमकं तेच झालं. त्याला जबरदस्तीनं उपासनेला नेण्यातही अर्थ नाही. बारावीचं वर्ष आहे, दोन-चार महिने नाही आला तर त्यानं काही मोडत नाही. मंडळीतल्या बायका चौकशी करतील, तेव्हा "अभ्यास आहे" असं खोटं सांगत बसू नका. "त्याला काही प्रश्न पडलेत, आम्ही दोघं मिळून वाचतोय," एवढं म्हणा.

आणि खरंच वाचा. सुरुवात लूकच्या त्या चार वचनांपासून करा. मग येशूनं मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं तो प्रसंग चारही शुभवर्तमानांतून काढा. मत्तय, मार्क, लूक तो शेवटच्या आठवड्यात सांगतात; योहान अगदी सुरुवातीला, दुसऱ्याच अध्यायात. मुलाला विचारू द्या, की असं का. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सीरियन ख्रिस्ती माणसानं चारही शुभवर्तमानांची एकच सलग, फरक नसलेली कथा तयार केली होती. सीरियाच्या मंडळ्यांनी ती दोनेकशे वर्षं वाचलीही. शेवटी तिथंही चार वेगवेगळी शुभवर्तमानं परत आली. गुळगुळीत एक कथा हाताशी असताना मंडळीनं चार साक्षीदार ठेवले, त्यांच्या फरकांसकट. हे वाचताना तुमच्या मुलाला पहिल्यांदा वाटेल, की ही माणसं काही लपवणारी नव्हती.

सोप्या मराठीत टीपांसह वाचायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं "सुबोध बायबल" मिळवा. ते कॅथलिक, तुम्ही प्रोटेस्टंट, त्यानं काही अडत नाही. आणि पंडिता रमाबाईंचं बायबल कुणाच्या घरी असेल तर एकदा हातात घेऊन पाहा. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली ही बाई केडगावला बसून इब्री आणि ग्रीक शिकली, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत तिनं सगळं शास्त्र उतरवलं, आणि तिच्याच मुक्ती मिशनमधल्या बायकांनी छापखाना चालवून ते छापलं. १९२२ साली त्या गेल्या. पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. हाताशी मराठी भाषांतर असताना मूळ भाषेत काय आहे ते मला स्वतः पाहायचं आहे, असं त्या म्हणू शकल्या. त्यांना कुणी सैतानाचं काम करता म्हटलं असतं, तर त्यांनी हातातलं इब्री व्याकरण खाली ठेवलं असतं असं मला वाटत नाही.

संडे स्कूलबद्दल. शिकवणं सोडू नका. सात वर्षांच्या मुलाला पाठभेद सांगायची गरज नाही, त्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगा. पण पुढे मोडावं लागेल असं काही त्याच्या डोक्यात घालू नका. "देवानं हे पुस्तक आकाशातून दिलं" यापेक्षा "देवाला ओळखणाऱ्या माणसांनी देवाच्या प्रेरणेनं हे लिहिलं" हे वाक्य सात वर्षांच्या मुलालाही कळतं आणि सतराव्या वर्षीही टिकतं. तेरा-चौदाच्या मुलांसमोर मात्र तळटीप स्वतःहून वाचा. कुणी उत्तर येत नाही असं काही विचारलं, तर "मला ठाऊक नाही, पुढच्या रविवारी शोधून आणते" म्हणा, आणि पुढच्या रविवारी खरंच आणा. पाय लटपटतात म्हणता, ते सगळं माहीत असायला हवं असं वाटतं म्हणून. शिक्षिकेकडून मुलांची एवढी अपेक्षा नसते.

एक शक्यता उरते. तुम्ही सगळं वाचलंत, पाळकसाहेब बोलले, आजोबाही बोलले, आणि तरीही मुलगा म्हणाला की मला पटत नाही. तसं होऊ शकतं. तो अठराचा होतोय. त्याचा विश्वास आता त्याचा त्यालाच ठरवायचा आहे. तेव्हा त्याचं जेवण, फी, घरातलं स्थान यांपैकी काहीही त्या उत्तराशी बांधू नका, आणि सासऱ्यांनाही बांधू देऊ नका. हे शब्द तुमच्या नवऱ्याकडून गेलेले बरे. पत्रभर त्यांचा उल्लेख कुठंच नाही, त्यांनाही या वाचनात ओढा.

परीक्षा होईपर्यंत तुम्ही स्वतःहून विषय काढू नका. त्यानं काढला, तर मात्र हातातलं काम बाजूला ठेवून बसा, आणि शास्त्र उघडंच ठेवा.